मागची खोली

सुरीचे टोक खोक्यावरच्या चिकटपट्टीत खुपसताना अण्णांना पुन्हा ते पत्र आठवले. उत्तर द्यायचे राहून गेलेले. राहून गेलेले तरी कसे म्हणावे? कुठल्याशा पुस्तकात ते त्यांनी स्वतःच सारून ठेवले होते आणि आता सगळी पुस्तके खोक्यांत गेली होती.

"काय चाललंय?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारले.

"शब्दकोश बघतोय."

"आत्ता?"

अण्णांनी पुढच्या खोक्याची पट्टी कापली. त्यांचा जन्म छापखान्यात प्रुफे तपासण्यात गेला होता. बोलण्याआधी ते इतके थांबत, की तिथली मंडळी त्यांना 'स्वल्पविराम' म्हणत. बायकोच्या मते पूर्णविराम जास्त शोभला असता.

पत्र त्यांनी विकत घेतलेल्या नव्या घराच्या जुन्या मालकाचे होते. नवे म्हणजे अण्णांना नवे. तो म्हातारा तिथेच केस पिकवून बसला होता. फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून लिहितो, असे सुरुवातीलाच होते. पुढे होते, की बायको पडली, खुब्याचे हाड मोडले, मागच्या खोलीत झोपून आहे. डॉक्टर म्हणतात, इतक्यात हलवू नका. 'तुमचा ट्रक कोणत्या दिवशी येणार, तेवढे कळवावे. म्हणजे मी काहीतरी बघतो.'

त्या 'काहीतरी बघतो'पाशी अण्णा अडकले होते. काय बघणार होता तो?

ट्रक महिनाअखेरीचा ठरला होता. दलालाने बजावले होते, किल्ल्या हातात पडेपर्यंत पॅकर्सवाल्यांना शब्द देऊ नका. मेहुणा म्हणाला, महिनाअखेरीला ट्रक मिळत नाहीत, आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर बसाल बोंबलत. अण्णांना दोघांचेही पटले. जो नंतर बोलला त्याचे त्यांनी ऐकले. "बाजारात तुरी," एवढेच बायको तेव्हा म्हणाली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून भांडी कागदात गुंडाळायला लागली होती.

आता मागे फिरायला वाट नव्हती. हे घरही विकून झाले होते. घेणारे जोडपे तरुण होते आणि त्याच दिवशी सामानासकट येणार होते. त्यातली मुलगी परवाच खिडक्यांची मापे घेऊन गेली; जाताना म्हणाली, काका, तुमचं घर आम्ही छान ठेवू हं. ट्रक पुढे ढकलावा तर ती दोघे दारात उभी. न ढकलावा तर ती झोपलेली बाई. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये नुसती खोकी. त्यांतून जायचे तर अंग आडवे करावे लागे. दोन कप आणि एक पातेले तेवढे बाहेर होते. पडदे उतरवल्यामुळे समोरच्या घरातला माणूस यांना जेवताना बघे, आणि तोच ओशाळून मान फिरवी.

उत्तराचे मसुदे अण्णांनी मनातल्या मनात खूप केले होते. 'आपली अडचण समजली, तथापि...' तथापि आले की पुढचे वाक्य येईना.

दुपारी पॅकर्सवाल्यांचा मुकादम सामान बघायला आला. कपाट कवेत घेऊन त्याने अंदाज बांधला, खोक्यांवर टिचक्या मारल्या. अण्णांनी दोनदा घसा साफ केला आणि तारीख जरा पुढे नेता येईल का, असे भिंतीकडे बघत विचारले.

"नेऊ की, काका. पण मग पुढच्या महिन्याचं बोला. तोवर सामान आमच्या गोदामात राहील."

"आणि आम्ही?"

"माणसांचं गोदाम नाही हो आमच्याकडे."

तो हसला. अण्णाही हसले, हसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मुकादम मग वाकून खोक्यांच्या बाजूंवर लिहिलेले वाचत पुढे सरकला. शेवटच्या रांगेशी थांबला.

"काकू, सगळ्यांवर पुढचीच खोली? घर एका खोलीचं आहे का?"

अण्णा वळले. इतका वेळ ते वरून पट्टी कापत होते, बाजूला लक्षच गेले नव्हते. पुस्तकांच्या खोक्यांवर त्यांनी स्वतः, छापखान्यातले खिळे जुळवावेत तशा नेटक्या अक्षरांत, 'मागची खोली' असे लिहिले होते. त्या खोलीसाठीच तर ते घराला हो म्हणाले होते. खिडकीशी टेबल मावेल एवढी जागा होती, आणि दाराला आतून कडी. उभ्या जन्मात त्यांना आतून कडी लावता येईल अशी स्वतःची खोली मिळाली नव्हती. आता 'मागची'वर काट होती आणि वर बायकोच्या तिरक्या अक्षरात 'पुढची'. एकही खोके तिने सोडले नव्हते.

"मावेल का एवढं?" मुकादमाने विचारले.

"छतापर्यंत रचा," बायको म्हणाली. "मागची खोली सध्या लागणार नाही. तिथं आजारी माणूस आहे. आदळआपट करायची नाही."

"कपाट सगळ्यात शेवटी घेऊ मग. त्याचाच आवाज होतो," तो म्हणाला आणि पायात चपला सरकवून निघून गेला.

अण्णा एका खोक्यावर टेकले.

"कधी वाचलंस?"

"पुस्तकं भरताना पडलं. तुम्ही आपणहून बोलाल म्हणून थांबले होते."

"अगं, पण परक्यांबरोबर... एकच मोरी, एकच ओटा..." कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी ते पाणी मागायला लाजत. घसा कोरडा घेऊन घरी येत. "आणि किती दिवस, तेही कळायला मार्ग नाही."

"मला तरी कुठं हौस आहे?" तिने कप पुसून पालथा घातला. मग बराच वेळ तो जागच्या जागी नीट करत राहिली. "पण तो म्हातारा काहीतरी बघणार म्हणजे कुठं बघणार हो?"

तीही तिथेच अडकली होती तर.

तिने कोपऱ्यातल्या पिशवीतून कागद आणि पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवले. दोन्ही तिने बांधाबांधीतून वेगळे राखले होते. अण्णांनी खोक्यावरच लिहिले. ट्रक महिनाअखेरीला येईल. सामान पुढच्या खोलीत मावते. मागची खोली आम्हाला सध्या नको आहे. बाईंना हलवू नये. तथापि लागलेच नाही. पाकिटावर पत्ता घालताना मात्र हात अडखळला. पत्ता उद्याचा त्यांचाच होता, वर नाव दुसऱ्याचे.

ते चपला घालत असताना बायको म्हणाली, "त्यांना चहात साखर चालते का, विचारलंत?"

"ते कशाला पत्रात?"

"मग काय, रोज दारातून ओरडून विचारू?"

टपालपेटी गल्लीच्या टोकाला होती. तिथून त्यांची उघडीबोडकी खिडकी सरळ दिसे. आत बायको अंग आडवे करून खोक्यांमधून वाट काढत होती, पोटाशी पातेले धरून. तिला पलीकडे जायला जमेना. ती थांबली, मागे सरली, पुन्हा शिरली.

अण्णांनी पाकीट पेटीच्या तोंडाशी नेले आणि मागे घेतले. चिकटवले नव्हते अजून. सवयीने त्यांनी कागद उलगडून पुन्हा वाचला. एकही चूक नव्हती. फाडायचे म्हटले तर हीच वेळ होती. मागच्या खोलीची कडी त्यांच्या डोळ्यांपुढे आली, बोटभर लांबीची, जुनी, गंजलेली.

त्यांनी कागद पेटीच्या माथ्यावर ठेवला, खिशातले पेन काढले आणि खाली उरलेल्या जागेत लिहिले: 'बाईंना चहात साखर चालते का, तेवढे कळवावे.'

मग पाकिटाची कड जिभेने ओली करून चिकटवली आणि ते आत सोडले. पेटी रिकामी असावी. तळाशी पडल्याचा आवाज त्यांना स्वच्छ ऐकू आला.