आच पोचली तिथपर्यंत

वडील गेले आणि वर्षभरात दोघा भावांनी संगमरवराची खाण वाटून घेतली. थोरल्याने ग्रॅनाइटच्या टेकडीकडची बाजू मागितली. धाकटा म्हणाला, "घे की, दगड तोच आहे." वाटणीत कुणाचा आवाज चढला नाही, याचं नातेवाइकांत कौतुक झालं. दगड कापायची शेड तेवढी सामाईक राहिली.

धाकट्याच्या बाजूला आधी पांढराशुभ्र दगड निघाला. मग त्यात करड्या रेघा आल्या. एका सकाळी क्रेनने ठोकळा बाजूला घेतला, तर मागचा कडा राखेच्या रंगाचा होता आणि त्यात शिंपले होते. पॉलिश करणाऱ्याने वर पाणी ओतलं, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मालक, हा काही चमकायचा नाही."

आणखी ठिकठिकाणी कापून पाहिलं. सगळीकडे तेच. घरी येऊन त्याने बायकोला एवढंच सांगितलं, "दादाने मला बनवलं."

बायकोची धाकटी बहीण विद्यापीठात दगडांचा अभ्यास करायची. ती रजा काढून आली, दिवसभर दोन्ही बाजूंनी हिंडली, हातोडीने तुकडे काढून भिंगाखाली धरत राहिली. संध्याकाळी तिने ते शेडमधल्या फळीवर ओळीने मांडले.

"भाऊजी, हे सगळं एके काळी तुमच्या बाजूसारखंच होतं. साधी चुनखडी. समुद्राच्या तळाशी साचली आणि पुढे जमिनीत खोल गाडली गेली. तिथे खालून ग्रॅनाइटचा तप्त रस घुसला. ही टेकडी म्हणजे तोच रस, थंड झालेला. त्याच्या आचेने शेजारचा दगड बदलला."

"म्हणजे वितळला?"

"नाही ना! घट्टच्या घट्ट राहिला. पण आतले कण नव्याने वाढले, एकमेकांत गुंतले. शिंपले त्यातच जिरले. हे फार सावकाश चाललं असणार. पुढे वरची जमीन झिजून गेली, म्हणून आज आपल्याला दिसतंय."

"आणि माझ्याकडे?"

"तुमच्यापर्यंत आच पोचलीच नाही."

"तिथेही मला उरलंसुरलंच," धाकटा म्हणाला.

मेहुणीने शेवटचा तुकडा उचलला. त्यात तांबूस खडे होते. "हा टेकडीला अगदी लागून असलेला. इथे रसातली द्रव्यंच दगडात शिरली. हे गार्नेट, काचेहून कठीण. दादा याच दिशेने कापत गेले तर दगड कापायची तार टिकणार नाही. त्यांना सांगून ठेवा."

"सांगतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो थोरल्याकडे गेला. दारातच त्याने विचारलं, "तुला माहीत होतं?"

थोरला चष्मा पुसत होता. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. "माहीत नव्हतं. पण बाबा तुझ्या बाजूला कधी हात लावत नसत. का, ते मी विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर कळलं असतं."

वहिनी चहा घेऊन बाहेर आली तोवर धाकटा पायऱ्या उतरून गेला होता. गार्नेटचं सांगायचं राहिलं. निदान बायकोला त्याने तसंच सांगितलं.

मग त्याने चुन्याच्या भट्टीवाल्याशी बोलणी केली. ज्या दगडाला बारीक तडा गेला तरी त्याचा जीव खालीवर व्हायचा, तोच आता फोडून ट्रकमध्ये भरू लागला. शेडमधून थोरल्याचा कडा दिसायचा. तो टेकडीकडे किती सरकला, हे धाकटा रोज पाहायचा. त्याला बरं वाटायचं.

"सांगितलंत का त्यांना?" बायकोने पुन्हा विचारलं.

"त्याने कुठे मला सांगितलं होतं?"

"त्यांना नुसती शंका होती. तुम्हाला माहीत आहे."

तो आंघोळीला निघून गेला.

तार तुटली ती भर दुपारी. हिऱ्याचे मणी ओवलेली ती पोलादी तार दगडातून फिरताना कठीण जागी अडकली, ताणली आणि तुटली. एक मणी यंत्राच्या पत्र्यातून आरपार गेला. दुसऱ्याने ते यंत्र चालवणाऱ्या तारवाल्याचा दंड फाडला. हा तारवाला वडिलांच्या वेळचा. धाकटा पळत पोचला तेव्हा थोरला स्वतःच्या शर्टाने त्याचा हात बांधत होता. कापलेल्या खाचेत तांबूस खडे चमकत होते.

"पुढे कापू नकोस," धाकटा म्हणाला. "टेकडीपर्यंत असंच लागणार. गार्नेट आहे."

"तुला कधीपासून माहीत?"

"मेहुणी आली होती तेव्हापासून."

थोरल्याने गाठ मारली. तारवाल्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुमचं घरचं नंतर बघा. आधी मला दवाखान्यात न्या."

हाताला बरेच टाके पडले. थोरल्याने टेकडीकडे कापणं थांबवलं आणि मेहुणीला पुन्हा बोलावून तिने आखून दिलेल्या पांढऱ्या पट्ट्यातून, टेकडीला समांतर, काम वळवलं. तारवाल्याने मात्र पुन्हा यंत्राला हात लावला नाही. "तुमच्याकडे तार नाही ना? मग मी चुन्याकडे येतो," असं त्याने धाकट्याला सांगितलं.

ड्रेसिंगसाठी धाकटाच त्याला गाडीतून न्यायचा. तुम्ही आधी का बोलला नाहीत, असं तारवाल्याने कधी विचारलं नाही. तो जावयाच्या बदलीबद्दल बोलायचा, रस्त्यातल्या खड्ड्यांना शिव्या द्यायचा. एकदा ते निघत होते, तेव्हा थोरला शेडमधून आला, मागचं दार उघडून बसला आणि म्हणाला, "चल."

धाकट्याने गाडी सुरू केली.