थापेआधीचा श्वास

मार्गशीर्ष सरत आला, की जानेफळच्या पूर्वेकडच्या वावरांत कापसाची दुसरी वेचणी चालू होते आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात ती उमललेली बोंडं अशी दिसतात, जणू पहाटेचं धुकं जाताजाता झाडांवर विसरून राहिलंय. त्या शुभ्र उजेडाला माझ्या मनात एक आवाज चिकटलेला आहे, ढोलकीचा. आमच्या घरामागे ख्रिस्ती वस्ती होती. तिथले लोक आपल्या चर्चला देऊळच म्हणत. नाताळच्या आठवड्यात त्या देवळात रोज सकाळी भजन असे, आणि शांतवनकाकांची पहिली थाप पडली की वेचणीला निघालेल्या बायाही ओटी सावरत क्षणभर थबकत. माझा जन्म हिंदू कुणब्याच्या घरातला, आणि मन कोणत्याच देवाला न जुमानणारं. तरी मी त्या देवळाच्या पायरीवर कित्येकदा बसलो आहे. प्रार्थना सुरू झाली की उठून जायचो. ढोलकी वाजली की परत यायचो.

काका दिसायला सागाच्या वाळल्या खोडासारखे, उंच आणि रेखीव. मिशनच्या दवाखान्यात जखमा धुऊन पट्ट्या बांधायचं त्यांचं काम. दिवसभर दुसऱ्यांच्या दुखण्यावर कापूस ठेवणारी ती लांब बोटं संध्याकाळी चामड्यावर उतरली, की त्यांच्यात निराळंच आर्जव येई. वाजवण्याआधी ते ढोलकीच्या चामडी पुडीला गाल लावत, दोरीतल्या कड्या किंचित सरकवत आणि डोळे मिटून ऐकत. डॉक्टरनं रोग्याच्या छातीला कान लावावा तसे. मग मान वर करून गाणाऱ्यांकडे पाहत आणि नुसतेच थांबत. त्या थांबण्याचा अर्थ मला पुष्कळ दिवस कळला नव्हता. एकदा विचारलं, तर हसले.

"गाणारा आंधी श्वास घेते का नाही? तेवढा ऐकाचा, भाऊ. मंग थाप आपोआप पडते. तुह्या भाषणात तसं नाही. तू श्वासच घेत नाहीस."

मी तेव्हा युवक मंडळाची पत्रकं लिहीत असे. विहिरीवरचा भेदभाव, मजुरी, अंगारे-धुपारे, सगळ्यांवर लिहायचो आणि मेहकरला चक्रमुद्रित करून बाजारच्या दिवशी स्वतः वाटायचो. मिशनवरही एक लिहिलं होतं. काकांनी ते नीट वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मला पाहताच म्हणाले, "शुद्धलेखन चांगलं हाये बे तुहं." एवढाच काय तो निषेध.

महाराष्ट्र राज्य होऊन दहाबारा वर्षं झाली असतील. त्या फाल्गुनात, पळस पेटलेला असताना, पाच अमेरिकन तरुणांचा बँड मेहकरला आला. जगाच्या दौऱ्यावर निघालेला. केस खांद्यांपर्यंत, गळ्यात लाकडी क्रूस, हातात विजेवर चालणाऱ्या गिटारी. गाणी येशूची, पण चाल अशी, की देवळातल्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी पहिल्याच गाण्याला चष्मा काढून पुसला. ज्या परदेशी मंडळीनं दवाखाना बांधला होता, तिनंच यांचाही खर्च उचलला होता, म्हणून मुंबईहून नागपूरला जाताना आमच्या तालुक्यात हा एक मुक्काम. शाळेच्या मैदानावर जिनिंगवाल्याचं जनरेटर धडधडू लागलं. कपाटाएवढ्या दोन आवाजाच्या पेट्या मांडल्या गेल्या, आणि पैनगंगेच्या काठावरच्या त्या शांत दुपारीला असा हादरा बसला, की पिंपळावरचे बगळे उठले ते परत बसायला तयार होईनात. काकांच्या शेजारी त्यांची बायको, मार्थामावशी, पदराचा बोळा कानाला लावून बसली होती. ती म्हणाली, "हे भजन हाये का भांडण?"

काका मात्र पुढे झुकले होते. ओंजळीत पाणी घेणाऱ्या माणसाचा चेहरा असतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

त्याच संध्याकाळी बँडचा ढोल वाजवणारा पोरगा कोसळला. कावीळ होती. त्याला मुंबईच्या इस्पितळात पाठवावं लागलं. दुसऱ्या दिवशी रविवार. वस्तीच्या देवळातल्या उपासनेत काकांनी ढोलकी घेतली, गाणाऱ्यांच्या श्वासाची वाट पाहिली आणि थाप सोडली, तशी ती उरलेली चार गोरी पोरं बाकावरून उठूनच उभी राहिली. पुढचा कार्यक्रम नागपूरला, त्यापुढे हैदराबाद, मद्रास, मग समुद्रापार. वाजवणारा नव्हता. आणि हा होता. मिशनच्या साहेबानं दुभाष्याचं काम केलं, सुट्टी मंजूर केली, पासपोर्टसाठी खेटे घालायचं कबूल केलं. पन्नाशीकडे झुकलेला आमचा पट्ट्या बांधणारा माणूस मार्थामावशीच्या जुन्या लुगड्यात ढोलकी गुंडाळून त्यांच्या गाडीत बसला. वस्ती जमली होती. मावशी खिडकीशी उभी राहून एवढंच म्हणाली, "नाताळाले या म्हणजे झालं. तुमच्याबिगर भजन उभं राह्यत नाही."

ते गेले, आणि आमच्या बाजूची संध्याकाळ मुकी झाली. उन्हाळा आला, ज्वारीच्या पेरण्या झाल्या, कापसाला पात्या लागल्या. कधीमधी मिशनमध्ये खबर येई: मद्रासला हजारोंची गर्दी झाली, आता सिलोनला आहेत, आता मलायात. मी पत्रकं वाटायचो आणि मनात म्हणायचो, जगात आमच्या तालुक्याचं नाव कोणी नेलं असेल, तर एका ढोलकीनं नेलं, आमदारानं नव्हे.

मार्गशीर्षात काका परतले. तो कावीळवाला पोरगा बरा होऊन सिंगापूरला बँडला मिळाला होता. काकांचं काम संपलं. एक लोकरी कोट, एक रंगीत फोटो आणि परतीचं तिकीट देऊन त्यांना निरोप दिला गेला, आणि बँड पुढे ऑस्ट्रेलियाला गेला. एसटीतून उतरून ते खांद्यावर ढोलकी टाकून चालू लागले, तेव्हा मी चहाच्या टपरीवरून हाक मारली. ते चालतच राहिले. पुन्हा मारली. टपरीवरचे हसले. "सिंगापूरवाले साहेब झाले बे ते! आता जानेफळचं ऐकू येते काय त्याइले?"

मी धावत जाऊन खांद्याला हात लावला. ते दचकले, वळले, आणि ओळखीचं हसू उमटण्याआधी त्यांची नजर माझ्या ओठांवर गेली. डोळ्यांवर नव्हे, ओठांवर. ती नजर मी विसरू शकलेलो नाही.

घरी पोचल्यावर त्यांनी तो फोटो मला दाखवला. त्यात सगळं होतं. रंगीत दिव्यांच्या झोतात चार जण, आणि कडेला, आवाजाच्या दारासारख्या उंच पेटीला जवळजवळ टेकून, डोळे मिटून बसलेले काका. विजेच्या गिटारींच्या गदारोळात त्यांना गाणाऱ्याचा आवाज पोचेना, म्हणून त्यांनी स्वतःच खूण करून पेटीजवळ जागा मागून घेतली होती. रोज. गावामागून गाव, देशामागून देश. कानांत शिट्टी वाजायची, सकाळपर्यंत थांबायची. मग थांबेनाशी झाली. मग शिट्टीखेरीज काही उरलं नाही.

तिथेच, त्यांच्या अंगणात बसून मी पत्रकाचा मजकूर लिहू लागलो. धर्माच्या नावाखाली गरिबाचे कान कसे वापरून टाकले जातात, हे मला गावोगाव सांगायचं होतं. काकांनी माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि कागदावर तळहात ठेवला.

"त्याइनं कापूस देल्ला होता, भाऊ," ते म्हणाले. त्यांचा आवाज आता नको तिथे मोठा आणि नको तिथे लहान होई. "पयल्याच दिवशी. त्याइच्या स्वतःच्या कानात होता. माह्या हातावर दोन बोळे ठेवले."

"मंग काऊन नाही घातला?" मी ओरडलोच. बहिऱ्या माणसापुढे ओरडणं किती सोपं असतं.

"कान बुजून वाजवू कसा? गाणाऱ्याचा श्वास कसा ऐकू?"

आत चूल फुंकत बसलेली मावशी तिथूनच म्हणाली, "जनमभर लोकाइच्या घावावर कापूस लावला यानं. अन् देवानं समोर धरला तर खिशात घातला. बाई, काय म्हणावं!"

तिनं ते रागानं म्हटलं होतं. म्हणून रडली नाही.

मी स्पष्टच सांगतो, माझा राग तेव्हाही गेला नाही आणि आजही गेलेला नाही. कापसाचे दोन बोळे हातावर ठेवणं म्हणजे समजावून सांगणं होत नाही. महिनोन् महिने एक माणूस उघड्या कानांनी त्या पेटीपाशी बसतो, हे त्या प्रार्थना करणाऱ्या चार जोडी डोळ्यांना दिसलं नाही? पाळकसाहेब म्हणाले, देवाची इच्छा. ती नेमकी अशाच माणसावर का कोसळते, हे मी त्यांना तोंडावर विचारलं. पण काकांनी पत्रक छापू दिलं नाही.

"ते पोट्टे खराब नव्हते," ते म्हणाले.

"मंग कोण खराब?"

"कोणीच नाही बे. आवाज मोठा होता." आणि मग त्या फोटोकडे पाहत, जुन्या मिस्किलपणानं, "सिंगापूरले लोक नाचून राह्यले होते माह्या थापीवर. तुह्या सभेले येतात काय तेवढे?"

नाताळची सकाळ आली. देवळाच्या उघड्या दारातून उन्हाचा लांब पट्टा आत आला होता आणि त्या पट्ट्याच्या टोकाला काका ढोलकी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी पुडीला गाल लावला. कड्या सरकवल्या. ढोलकी लागली होती, कारण चामड्याचा कंप गालाला अजून कळत होता. मग मान वर करून ते थांबले, नेहमीसारखे. गाणाऱ्यांनी श्वास घेतला. काका थांबलेच होते. गाणाऱ्यांनी सुरुवात केली, मग ते अवघडले, थांबले. काकांना हललेले ओठ दिसले, त्यांनी घाईनं थाप सोडली आणि ती एकटीच त्या शांततेत पडली. साऱ्या मंडळीच्या माना खाली गेल्या. ताल धरून बसलेल्या म्हाताऱ्यानं झांजा हळूच मांडीवर ठेवल्या. मी पायरीवर होतो. माझ्या जन्मात मला कुठल्या पराभवाची एवढी लाज वाटलेली नाही, आणि तो पराभव माझा नव्हताही.

तेव्हा बायांच्या रांगेतून मार्थामावशी उठली. त्या देवळात बाया एका बाजूला बसत, पुरुष दुसऱ्या. ती रेघ कोणी ओलांडत नसे. ती ओलांडून मावशी नवऱ्याच्या मागे जाऊन बसली आणि आपला उजवा तळहात तिनं त्यांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध ठेवला. गाणाऱ्यांनी पुन्हा श्वास घेतला. मावशीचा हात दबला. थाप पडली.

आणि भजन उभं राहिलं.

त्यानंतरचे काही नाताळ काकांनी असेच वाजवले. तिच्या तळहातातून सगळं देऊळ त्यांच्या पाठीत उतरे, पाठीतून बोटांत. लोक म्हणत, पूर्वीपेक्षा गोड वाजवतात. मला तसं वाटलं नाही. पूर्वी त्या ढोलकीत सगळ्यांची चाहूल होती. आता एकीचीच होती. पण ती एक चाहूल एवढी विश्वासू होती, की तिच्यापुढे तक्रार करायला माझी जीभ धजली नाही.

एका चैत्रात फुफ्फुसाला सूज येऊन काका गेले. वस्तीमागच्या दफनभूमीत कडुनिंबाचा मोहर गळत होता, आणि साध्या फळ्यांच्या शवपेटीवर तो बारीक पांढरा सडा पडत होता. पाळकसाहेबांनी वचन वाचलं. मग त्यांनी खूण केली, काकांच्या आवडीचं भजन म्हणा. सगळ्यांनी श्वास घेतला. मी तो ऐकला. आयुष्यात पहिल्यांदा ऐकला: शेसव्वाशे छात्या एकदम भरल्याचा तो मऊ, मोठा आवाज. आणि कोणालाच सुरुवात करता येईना. एवढी वर्षं त्या श्वासापुढे काकांची थाप असायची; त्या पायरीवर पाय ठेवूनच सगळे गाण्यात चढायचे. आता पायरी नव्हती. भरलेल्या छात्या घेऊन सगळे तसेच उभे राहिले.

मार्थामावशी पेटीपाशी गुडघ्यांवर बसली होती. तिनं मोहर बाजूला सारला आणि उजवा तळहात उचलून फळीवर मारला. एकदाच. मग दुसऱ्यांदा. गाणं सुरू झालं, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत तिचा हात थांबला नाही.

मी अजूनही सभा घेतो. घोषणा देण्याआधी समोरचा जमाव श्वास घेतो, तेव्हा तो आता मला ऐकू येतो आणि माझी मूठ हवेत क्षणभर तशीच राहते. कार्यकर्ते म्हणतात, तुम्ही घोषणा विसरता. विसरत नाही. काळ सगळ्या आवाजांवरून आपला पांढरा कापूस पसरत जातो, आणि गेलेलं माणूस शेवटी एवढंच उरतं: भरलेला श्वास आणि न पडलेली थाप यांच्यामधली एक जागा, जिथे आपण, कोणी न सांगता, थांबतो.