बोकडाचा धडा

कुऱ्हाडीच्या एका घावात बोकडाची मान तुटली. रक्ताची चिळकांडी देवीच्या ओट्यावर उडाली. धड अजून पाय झाडत होतं. बंजारा तांड्याचा नायक बाबुलाल यानं पोट फाडून दिलं, तसा भीमराज गुरुजींनी बाह्या सारून आत हात घातला.

“हे हार्ट,” गरम गोळा वर धरत ते म्हणाले. “हात लावा. म्हणा.”

“हार्ट,” पोरं म्हणाली.

घाटंजीच्या शाळेत सायन्सचं पुस्तक इंग्रजीत. तांड्याच्या या पोरांच्या जिभेवर मराठीच अजून पाहुणी, तिथं इंग्रजी कुठून नांदणार? वर्षभर फळ्यावर चित्रं काढली. पोरं घोकत आणि विसरत. परीक्षा दाराशी आली, तेव्हा बळीच्या बोकडाचं आतलं पोरांना दाखवू द्या, अशी गुरुजींनीच नायकाला गळ घातली होती. “पोरं पास होत असन तं घाला हात,” बाबुलाल म्हणाला होता.

गुरुजींनी श्वासनळीला तोंड लावून फुंकर घातली. मऊ गुलाबी फुप्फुसं हळूहळू फुलत गेली.

“लंग्ज,” न विचारताच गंगी बोलली. “आपल्याही छातीत असंच होते नं, गुरुजी?”

गुरुजी हसले. तोच पाठीत बैल हाकायच्या तुतारीचा सपका बसला.

मागे त्यांचा थोरला भाऊ गोविंदा उभा होता. बैलबंडी रस्त्यावर सोडून आलेला. तीन वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव त्यानंच नदीत सोडले होते.

“काय करून राह्यला तू?”

“शिकवून राह्यलो, भाऊ.”

“देवीच्या बोकडाचं रक्त हाये तुह्या तोंडाले. माय रडे, तरी म्या देव सोडले. कायले सोडले मंग?”

दुसरा घाव अडवायला गुरुजींनी उजवा हात वर केला. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीसारखं हाड मोडलं. पोरं किंचाळली. बाबुलाल कुऱ्हाड घेऊन धावला, तसे गुरुजी कळवळत मधे आले.

“नायक, थांबा. माहा भाऊ हाये तो.”

गोविंदानं मोडलेल्या हाताकडे पाहिलं. क्षणभर त्याचे ओठ हलले.

“घरी येऊ नोको,” तो म्हणाला, आणि बंडीकडे चालू लागला.

चाकांचा आवाज पांदणीच्या वाटेवर विरेपर्यंत गुरुजी तसेच उभे राहिले. मग खाली बसून त्यांनी डावा हात बोकडाच्या पोटात घातला.

“हे लिव्हर.”

गंगीनं त्यांचा लोंबता हात आपल्या दोन्ही तळव्यांवर अलगद पेलून धरला.

“लिव्हर,” ती म्हणाली.