न हलणारा आकडा

बाबांच्या बोटाला लावतात ते यंत्र आमच्याच कंपनीचं. रक्तातला ऑक्सिजन मोजायचा, नोंदी मेमरी कार्डावर ठेवायच्या आणि आकडा घसरला की बोंब मारायची, एवढंच त्याचं काम. त्यातला कार्डाशी बोलणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर, मी सांभाळते. यंत्र घरी नेलं तेव्हा मी आईला ऐटीत सांगितलं होतं, "आता बाबांच्या उशाशी श्वास मोजत बसू नकोस. आकडा बघ आणि खुशाल झोप."

यंत्र गोठतं अशी तक्रार आली आणि ती माझ्या गळ्यात पडली.

"चालू यंत्रातून कार्ड काढलं की होतं. कधीतरी," आमचा टेस्टर म्हणाला. त्याला सगळे शंकासुर म्हणतात. 'कधीतरी' या शब्दाचा मला मनस्वी राग आहे.

बरं, शोधायला जावं तर मेलं लपून बसायचं. आत काय चाललंय ते कळावं म्हणून मी ड्रायव्हरला जागोजागी पडद्यावर संदेश छापायला लावले, तर एकदाही गोठेना. संदेश काढले की पुन्हा गोठायचं. आपण बघतोय हे त्या चुकीला कळतंय असं वाटून माझ्या अंगावर काटा आला. मग ट्यूब पेटली. छापण्यात वेळ जात होता, आणि चूक वेळेचीच होती.

कार्डाला काम सांगितलं की ड्रायव्हर टायमर लावतो. उत्तर वेळेत आलं नाही, तर टायमर वाजतो आणि काम रद्द करतो. कार्ड काढलं की ड्रायव्हर टायमर थांबवून सगळं आवरून टाकायचा. पण नेमका तेव्हाच टायमर वाजून गेलेला असला, तर तो आवरलेल्या जागेत लुडबुड करायचा आणि यंत्र जागच्या जागी थिजायचं. टायमरचं काम संपेपर्यंत थांबायचं, मगच आवरायचं. दुरुस्ती एका ओळीची होती.

"थांब, दुरुस्तीआधीचं यंत्र एकदा गोठवून दाखवतो," शंकासुर म्हणाला. बोट यंत्रात घालून तो कार्ड काढत-घालत राहिला. आकडा शहाण्णव होता. मग त्याने हळूच बोट बाहेर काढलं.

शहाण्णव. बोंब नाही, काही नाही.

"बोट नाहीये आत," तो म्हणाला. "मेलेल्या माणसालाही हे शहाण्णवच दाखवेल."

मी आईला फोन लावला. आई रोज कार्ड काढून नोंदी दवाखान्यात पाठवते. यंत्र बंद न करता, बाबांची झोपमोड नको म्हणून.

पहिला फोन नुसता वाजत राहिला. दुसरा तिने उचलला.

"अगं, भाजी चिरत होते. काय झालं?"

"आज कार्ड काढलंस?"

"काढलं, पाठवलं, परत बसवलं. मला काय येत नाही होय?"

"आकडा किती आहे?"

"शहाण्णव. तू नको काळजी करूस. आज तर इतका छान आहे, जेवणापासून जरासुद्धा हललेला नाही."

"आई, बाबांना उठव."

"आत्ता कुठे डोळा लागलाय—"

"हलव त्यांना!" मी किंचाळले. अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं.

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून, "अहो." मग, "अहो, ऐकलंत का?" मग काहीच नाही. मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. तिसऱ्यांदा "अहो!" आलं, तसा आईचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

बऱ्याच वेळाने खोकला ऐकू आला. बाबा काहीतरी पुटपुटले.

"ओठ निळसर दिसतायत गं," आई फोनवर म्हणाली.

"यंत्र बंद करून चालू कर. उशाशी ठेवलेल्या सिलिंडरची ऑक्सिजनची नळी लाव आणि समोरच्या डॉक्टरांना बोलाव."

यंत्र चालू झालं आणि बोंबलायला लागलं. फोनमधून तो आवाज ऐकताना मी सगळ्यांदेखत रडले.

डॉक्टर बाबांना बघून गेल्यावर आईने फोन केला. बाबा उठून बसले होते, चहा मागत होते.

"आता मी कुणाकडे बघू?" तिने विचारलं. "आकड्याकडे की यांच्याकडे?"

"बाबांकडे."

"आधी तेच तर करत होते गं मी," ती म्हणाली.