बुसैतीनची मरियम

आजऱ्याची रंजिता ब्युटी पार्लरच्या नोकरीसाठी बहरीनला आली आणि विमानतळावरच तिचं नशीब फिरलं. एजंटाने तिला बुसैतीनच्या एका घरात सोडलं. व्हिसा घरकामाचा निघाला. घरमालक हमीदने पासपोर्ट आणि मोबाइल कपाटात ठेवले, फाटकाला बाहेरून कुलूप घातलं.

"पार्लर मफी, नहीं," तो म्हणाला. "इधर मां को देखो. खलास."

मां म्हणजे अकीला, सत्तरीची, गुडघ्यांनी अधू. ती पोरीकडे टक लावून बघत बसायची. डोक्यावरून सारखी विमानं जायची आणि दर आवाजाला रंजिता मान वर करून बघायची. तिसऱ्या आठवड्यात तिने भिंतीवरून उडी टाकली आणि अनवाणी समुद्राकडे पळत सुटली. दगडांनी तळवे फाटले. तासाभरात हमीदने तिला गाडीत घालून परत आणलं.

आता मार बसणार म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. अकीलाने मात्र पाणी तापवलं. जखमा धुतल्या, तिला तान्ह्या पोरीसारखं न्हाऊ घातलं, केसांना तेल लावलं आणि पेटीतला हिरवा झगा तिच्या अंगात घातला. झगा मरियमचा होता. मरियम अकीलाची लेक, दोन वर्षांपूर्वी अपघातात गेलेली.

"आज से तू मरियम," म्हातारी म्हणाली.

तेव्हापासून दोघी एका थाळीत जेवू लागल्या. कामाला दुसरी बाई आली. रंजिता अरबी शिकली, तिकडच्या लेकींसारखं अकीलाला 'यम्मा' म्हणू लागली. कुलूप मात्र तसंच होतं. हसता हसता ती मध्येच गप्प व्हायची. आपण कुणाच्या तोंडाने हसतोय तेच तिला कळेना.

अकरा महिन्यांनी तिचा भाऊ गुंडू आला. तिला शोधायलाच त्याने बहरीनच्या राजधानीत, मनामात, ड्रायव्हरची नोकरी धरली होती आणि एजंटाला गाठून पत्ता काढला होता. सोबत भारतीय दूतावासाचा माणूस होता. हमीदने निमूटपणे पासपोर्ट काढून दिला.

गुंडूच्या झिंजमधल्या खोलीत शेजारच्या रत्नाबाईंनी तिला झुणका-भाकरी वाढली. दोन घास खाऊन ती उठली. खिडकीशी गेली, दाराशी आली, पुन्हा खिडकीशी.

"पोरगी हिकडं, जीव तिकडं," रत्नाबाई पुटपुटल्या.

परतीचं विमान शुक्रवारचं होतं. गुरुवारी सकाळी ती म्हणाली, "दादा, मला बुसैतीनला ने."

"डोस्कं फिरलंय काय तुझं? ज्येंनी कोंडून घातलं त्येंच्याकडं?"

"कोंडलं ते खरं. न्हाऊ घातलं तेबी खरंच हाय की. मला तिला इचारायचंय."

फाटक सताड उघडं होतं. "मरियम!" म्हणत अकीला खुर्चीतून उठायला गेली.

"मरियम नाही, रंजिता," ती उंबऱ्यापाशीच थांबून अरबीत म्हणाली. "यम्मा, कुलूप का लावलंस?"

म्हातारी फाटकाकडे बघत म्हणाली, "मरियम उघड्या दारातून गेली. परत आलीच नाही."

"माझी आईपण वाट बघत बसली होती. मी जिती आहे की मेली, तेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं."

अकीला पुन्हा खुर्चीत बसली. तिने ते परकं नाव जिभेवर घेऊन पाहिलं, "रन्जीता," आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिच्या गळ्यात पडावं असं रंजिताला वाटलं, आणि तिथून धूम ठोकावी असंही. तिने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. घरचा फोन नंबर कागदावर लिहून तिच्या मांडीवर ठेवला आणि गाडीत जाऊन बसली.

आजऱ्यात ती पार्लरमध्ये काम करू लागली, पण कुठेच तिचं बूड टेकेना. दर शुक्रवारी अकीलाचा फोन यायचा, आणि आईच्या कपाळाला आठी पडायची. एकदा आईनेच फोन हिसकावून घेतला.

"बाई, माझी पोर तुम्ही..." पलीकडून रडत रडत येणारं अरबी बोलणं रंजितालाही ऐकू येत होतं. आईने ते शेवटपर्यंत ऐकलं.

"काय म्हणत्या गं ती?"

"तुझी माफी मागत्या."

आई फोन लेकीच्या हातात देऊन चुलीकडे वळली. रंजिता तो कानाला लावून अंगणात येरझाऱ्या घालू लागली.