रॉकेल आणि खडू

गिअरबॉक्स पडला तेव्हा ओगी दचकला नाही, मीच दचकले. तो अक्रोडाखाली बाबागाडीत गाढ झोपला होता. मी सवयीनं त्याच्या नाकाखाली बोट धरलं, त्याचा श्वास बोटाला जाणवला, आणि मगच शेडकडे पाहिलं. माझे सासरे रादोय रिकामे हात पुढे धरून उभे होते, अजून त्यांवर ओझं असावं तसे.

"काय फोडलंत हो?" माझ्या सासूबाई, त्सोना, आलुबुखारांच्या घमेल्यावरून ओरडल्या.

"काही नाही. निसटलं."

"निसटलं? तुमच्या हातून? लग्नात चर्चमध्ये धरलेला माझा हात अजून नाही निसटला तो!"

पण त्या उठल्या आणि मगभर पाणी घेऊन गिअरबॉक्स आपटला होता तिथल्या फरशीवर शिंपडू लागल्या. मूल पडलं की त्या जागी असंच शिंपडतात आमच्याकडे, म्हणजे इजा जमिनीत जिरते.

"आई, तो गिअरबॉक्स आहे," मी म्हटलं.

"असू दे. पडला ना?"

गाडी आमचीच होती, माझ्या नवऱ्याची, स्पासची, जुनी लाडा; घाटाआधी तपासायला म्हणून तिचा गिअरबॉक्स उतरवला होता. सोमवारी मी आणि ओगी तिच्यातून घाट ओलांडून वार्नाला जाणार होतो. स्पास तिथं बंदरावर कामाला लागला होता, आणि मला पाण्याच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. ती जागा सोमवारनंतर माझ्यासाठी थांबणार नव्हती. हा फुटला असेल तर दुसरा गिअरबॉक्स मिळेपर्यंत घाटात बर्फ पडलं असतं, मग थेट वसंतातच जाणं. आणि एकदा गेलो की आम्ही सुट्टीपुरतेच परत येणार, हे घरात कुणी बोललं नव्हतं. जेवताना मात्र ते रोज आमच्यात बसलेलं असायचं.

कुंपणावरून शेजारच्या गेंचोचं डोकं वर आलं. "उस्ताद, गावभर आवाज गेला! मला वाटलं, घंटाच पडली चर्चची."

"गेंचो, तुझ्या ट्रॅक्टरचा क्लच अजून माझ्याकडे आहे."

"मी कुठं काय म्हणालो? फुटला असेल तर बरंच झालं की. नातू राहील हिवाळाभर."

कुणीच हसलं नाही. गेंचोचं डोकं हळूच खाली गेलं.

मी सासऱ्यांकडे, बाबांकडे, बघत राहिले. ओगीला ताप आहे का, हे मी कपाळाला हात लावायच्या आधी डोळ्यांनीच ताडते, तशी. निसटलं, की सोडलं? स्वतःचीच लाज वाटली मला, पण प्रश्न जाईना. आणि खरं सांगायचं तर त्याच्या मागोमाग दुसरा आला: फुटलेला निघाला तर मला वाईटच वाटेल का? धुराड्यावरचं करकोच्यांचं रिकामं घरटं उन्हात पिवळं दिसत होतं. उकळत्या आलुबुखारांचा गोड धूर अंगणात तरंगत होता आणि सगळंच कसं पाण्याखालून पाहिल्यासारखं संथ झालं होतं.

"ये, मदत कर," बाबा म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून गिअरबॉक्स ओट्यावर चढवला.

आधी त्यांनी पान्याच्या दांड्यानं कवचावर ठिकठिकाणी ठोकलं, कान जवळ नेऊन. धड धातू गातो, चिरलेला खोकतो, असं ते म्हणतात. तो गात होता. पण क्लचवर बसणाऱ्या रुंद तोंडाचा एक कान, बोल्ट बसतो तो कोपरा, जमिनीवर आपटला होता, आणि नुसत्या आवाजावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी तो भाग आतून रॉकेलनं माखला, बाहेरून ओला खडू फासला आणि खडू वाळायची वाट पाहत बसले.

"केसाएवढी जरी चीर असली," ते म्हणाले, "तरी रॉकेल वाट काढतं. पांढऱ्यावर काळी रेघ उमटते."

आम्ही शेजारी शेजारी बसलो. खडू कडेकडेनं पांढरा होत गेला, पहाटेची खिडकी उजळावी तसा. एकदा मला रेघ दिसली. मी श्वास रोखला. ती अक्रोडाच्या डहाळीची सावली होती; वारा आला आणि ती सरकली.

"बोटं झोपतात हल्ली," बाबा खडूकडे बघतच म्हणाले. "धरलंय असं वाटतं, आणि धरलेलं नसतं. त्सोनाला सांगू नकोस. मला चमच्यानं भरवायला लागेल ती."

मी त्यांचा हात हातात घेतला. तो थंड होता, तेलानं मऊ झालेला. त्यांनी थोडा वेळ राहू दिला.

खडू कोराच राहिला.

"आता आतलं," ते उठले. "तू गिअरची दांडी धर. मी सांगेन तो गिअर टाक."

आत काय मोडलंय ते खडूला कळत नाही. ते बोटांना कळतं, आणि बोटं त्यांची होती. त्यांनी नुसतं 'खरखरतंय' म्हटलं असतं तरी मी, सासूबाई, स्पास, सगळ्यांनी मान्य केलं असतं.

"पहिला." त्यांनी गिअरबॉक्सच्या पुढून निघालेला दांडा हातानं फिरवला, मागून निघालेलं टोक सावकाश फिरलं. "दुसरा. तिसरा." त्यांचे डोळे मिटलेले होते. मधेच ते थांबायचे, बोटं चोळायचे, पुन्हा धरायचे. "चौथा."

बाबागाडीत ओगी कुरकुरला. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण हात थांबला.

"रडतोय का?"

"नाही. स्वप्नात आहे."

"रिव्हर्स टाक."

मी टाकला. त्यांनी दांडा उजवीकडे फिरवला आणि मागचं टोक डावीकडे फिरू लागलं, जराही आवाज न करता. मी कान देऊन ऐकत होते. सासूबाईंचा कालथाही थांबला होता.

"धड आहे," बाबा म्हणाले. "उद्या बसवतो. सोमवारी निघा."

सासूबाईंनी आच उगाचच वाढवली. मी दांडीवरचा हात काढला. बाबांनी मात्र काढला नाही. डोळे मिटून ते दांडा पुढे फिरवत राहिले, आणि मागचं टोक उलटं फिरत राहिलं.