हिरवळीखाली

माळ्याने नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं आणि पाण्याची धार पिवळ्या पट्ट्यावर धरली. सकाळपासून तो तेच करत होता. बाकीची हिरवळ तरारली होती. पट्टे मात्र उलट जास्तच उठून दिसायला लागले होते.

यंदा ऊन असं तापलं होतं की हवेलीसमोरच्या उतारावर हे पट्टे आपोआप उमटले. सरळ जात, काटकोनात वळत, मध्येच दोन हातांची फट सोडून पुढे जात. कारभाऱ्यांना ती कीड वाटली. पाहुणे यायच्या आत डाग गेले नाहीत तर खोली रिकामी करायची, असं त्यांनी बजावलं होतं. बागेमागच्या त्या खोलीत माळी आणि त्याची म्हातारी आई राहत असत.

थोरल्या मालकांना खिडकीतून तळं दिसायला हवं होतं, म्हणून हा उतार मोकळा केला, एवढंच माळ्याला ठाऊक होतं. तेव्हा तो तान्हा होता. मोकळा करण्याआधी इथे काय होतं, ते आईने कधी सांगितलं नाही. ती हिरवळीवर पाऊलही टाकत नसे. डबा कडेला ठेवून परत जायची.

आज तिने डबा ठेवला, पण गेली नाही. बराच वेळ बघत राहिली. मग पदर सावरून हिरवळीत उतरली आणि गल्लीतून चालावं तशी अंग चोरून, दोन वळणं घेत, एका फटीपाशी पोचली. आत शिरली. कोपऱ्यात बसली.

"पाणी बंद कर," ती म्हणाली. "घरात चिखल होतोय."

माळ्याने नळ बंद केला. आईला ऊन लागलं असावं, असं त्याने स्वतःला समजावलं. पण ती बसली होती तेवढ्या जागेत गवतावर सावली होती, आणि वर आभाळ स्वच्छ होतं.

तेवढ्यात कारभारी धाकट्या मालकांना घेऊन आले. म्हातारीला पाहून कारभाऱ्यांनी माळ्याला खडसावलं आणि तिला उठवायला तरातरा पट्टा ओलांडू लागले.

"भिंतीतून काय येता? दार इकडे आहे."

ती शांतपणे बोलली होती. कारभारी एक पाय उचललेल्या अवस्थेत थबकले. त्यांनी कपाळ चोळलं, कुठेतरी आपटल्यासारखं.

धाकटे मालक वळसा घालून फटीपाशी आले. पट्टे कुठवर गेलेत, ते त्यांनी बघितलं. एका घराला लागून दुसरं, पार तळ्यापर्यंत. त्यांचा चेहरा उतरला.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

"थांबा. ह्यांना विचारते."

तिने मागे, आतल्या खोलीच्या बाजूला तोंड वळवलं. माळ्याचे वडील उतार मोकळा झाला त्याच वर्षी गेले होते. ती कान देऊन ऐकत राहिली, एकदा मान हलवली.

"नको म्हणतात."

मालकांनी पाऊल मागे घेतलं.

"आणि तू का बाहेर उभा?" आई लेकाला म्हणाली. "ये की."

माळी फटीपाशी गेला. आत शिरताना त्याने मान खाली घातली. दार बुटकं होतं.